पोपटाची रिकामी वाटी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकते. तो जन्माचाच. फक्त नोकरी लागल्यावर त्याचा पगार मिळायला लागला. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंग तपासते. गोळ्यांची पाकिटं पट्ट्यावरून समोर येत राहतात, आणि प्रत्येक पाकिटात काहीतरी खोट आहे असं धरूनच ते बघायचं, एवढंच काम. बावीस वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन बिस्किटाचा पुडासुद्धा चारही बाजूंनी बघूनच फोडतो. नवरा म्हणतो, "तुला देव भेटला तरी तू त्याला उलटा करून तारीख बघशील." बघेनही. त्यात काय वाईट आहे, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

आमच्या घरी पोपट आला तो लेकीमुळे. देशी हिरवा पोपट पाळायला बंदी आहे, म्हणून तिने परदेशी आणला. पिवळाधमक, पंखांना केशरी झाक, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. कॉन्यूर म्हणतात त्याला. आठ महिने तिने त्याचे लाड केले आणि मग नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेली. तिथे भाड्याच्या खोलीत पक्षी चालत नव्हता. जाताना म्हणाली, "आई, तुझ्याइतकं नीट कोणी करणार नाही." लेकीने कौतुक केलं की मी विरघळते, हे तिला पुरतं ठाऊक आहे.

तेव्हा तो नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर होता. पवईच्या बाजूला पक्ष्यांचे एक डॉक्टर आहेत, त्यांनी त्याला हातात धरून छाती चाचपली आणि म्हणाले, "बिया म्हणजे याला रोज सकाळ-संध्याकाळ वडापाव. यकृत खराब होईल. ताजं खायला घाला." मग त्यांनी मला एक कागद भरून सगळं सांगितलं. लाल भोपळा, गाजर, मक्याचे दाणे, वाफवलेले मोड, शेवग्याचा पाला, पपई, डाळिंब. मीठ नाही, कांदा-लसूण नाही, चहा-चॉकलेट तर बघायचंही नाही, सफरचंदाची बी चुकून पोटात जाऊ द्यायची नाही, आणि अव्होकाडो म्हणजे विषच. बिया फक्त संध्याकाळी एक चमचा. दर रविवारी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं.

असं कोणी काटेकोर सांगितलं की मला बरं वाटतं. दुसऱ्या दिवसापासून मी पावणेसहाला उठायला लागले. मंडईतून आणलेल्या भाजीवर माझा विश्वास नव्हताच, त्यामुळे ती आधी मिठाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात दोनदा. भोपळा आणि गाजर वाफवायचं, कारण डॉक्टर म्हणाले होते की सुरुवातीला मऊ दिलं तर लवकर सवय होईल. मोड रोज ताजे. एक दिवस जास्त झाले की बुळबुळीत होतात, आणि आपल्या या दमट हवेत बुरशीला निमंत्रण लागत नाही. शेवग्याची पानं एकेक खुडायची. सगळ्यात वेळ जायचा चिरण्यात. तुकडे मोठे राहिले तर पोपट आवडीचं वेचून बाकीचं खाली फेकतो, म्हणून बारीक करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ज्वारीच्या दाण्याएवढे करायचे. वर डाळिंबाचे दाणे. स्टीलच्या वाटीत ते सगळं लाल, केशरी, हिरवं इतकं सुंदर दिसायचं की कामाला जायच्या घाईतही मी क्षणभर बघत उभी राहायचे.

माझे सासरे तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून चहा पीत बसलेले असायचे. वय त्र्याऐंशी. मूळ मालवणकडचे, उभं आयुष्य परळच्या गिरणीत मागावर काढलेलं. सासूबाई गेल्यावर आमच्याकडेच होते. बोलणं कमी, पण माझं ते चिरणं बघून रोज एकदा म्हणायचेच, "ह्या पाखराक कितके लाड गो! राजाचो जलम घेवन इलो हा."

मी हसायचे. त्यांच्या डब्यात पोळी-भाजी, वरण-भात भरायचे, बाजूला ताटलीत एक सफरचंद नाहीतर पेरू चार फोडी करून ठेवायचे आणि निघायचे. संध्याकाळी डबा रिकामा असायचा. फळाच्या फोडी मात्र काळ्या पडून तशाच. "बाबांना फळं आवडत नाहीत," असा आम्ही दोघांनी केव्हाच निकाल लावून टाकला होता. तरी मी ठेवत राहायचे, कर्तव्य म्हणून.

वाटी पिंजऱ्यात फार वेळ ठेवून चालत नाही, अन्न आंबतं. मी साडेआठला निघताना वाटी ठेवायचे आणि ती साडेदहाला बाहेर काढायची, उरलेलं टाकून द्यायचं, हे काम मी बाबांना दिलं. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तू जा कामाक. मी बघतंय."

पहिला आठवडा पोपटाने तोंड फिरवलं. पुढे मात्र संध्याकाळी मी आल्यावर विचारायचे, "बाबा, खाल्लं का त्याने?" आणि ते म्हणायचे, "सगळा." मी खूश. लेकीला फोन करून सांगितलं, बघ, आईने आठ दिवसांत सुधारला तुझा लाडोबा.

रविवारी वजन केलं. स्वयंपाकाच्या काट्यावर त्याची दांडी ठेवायची आणि त्याला बसवायचं. एकशे एकवीसवरून एकशे सोळा. डॉक्टर म्हणाले होते थोडं उतरेल, उतरायलाच हवं. पुढच्या रविवारी एकशे दहा. त्याच्या पुढच्या रविवारी एकशे तीन. आता छातीचं हाड बोटाला लागत होतं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "खात नसेल तर समजू शकतो. पण वाटी साफ करतोय आणि तरी वजन उतरतंय, हे चांगलं लक्षण नाही. रक्त काढावं लागेल, एक्स-रे काढावा लागेल. त्यासाठी भूल द्यावी लागते, आणि एवढ्याशा जिवाला भूल म्हटल्यावर मी खात्री देणार नाही. पुढच्या सोमवारी घेऊन या."

लेक फोनवर रडली. "आई, तो जगेल ना?" मी म्हटलं, "जगेल. मी आहे ना." आणि फोन ठेवून पिंजऱ्यासमोर बसले. बाहेर सोडल्यावर तो माझ्या मनगटावर आला आणि माझ्या बांगडीला चोच मारायला लागला. भुकेलं मूल आईच्या पदराला हात घालतं तसा. तेव्हाच माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

कारण रविवार. रविवारी मी घरी असते, वाटी मीच ठेवते आणि मीच काढते. रविवारी वाटीत निम्मं उरायचं. कामाच्या दिवशी एक दाणा उरत नव्हता. एकच पोपट, एकच वाटी, आणि सहा दिवस एक हिशोब, सातव्या दिवशी दुसरा? पट्ट्यावर असं दिसलं असतं तर मी मशीन बंद करायला लावलं असतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आधी नवऱ्याला धरलं. तो त्याला गुपचूप फरसाण चारत असणार आणि मग पाखरू वाटीतलं खाली सांडत असणार. तो वैतागला. "अगं, मी तुझ्याआधी घर सोडतो यार! पोपटाला फरसाण द्यायला काय दादरहून परत येऊ?" मग खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. ते आवाजाबद्दल दोनदा भांडून गेले होते. मी बाल्कनीच्या जाळीला नाक लावून बघितलं, कोणी काही फेकलंय का, औषध मारलंय का. जाळीच्या तळाशी पोळीचे कोरडे तुकडे सापडले. म्हटलं, कावळे आणतात कुठून तरी. ते झाडून टाकले आणि विसरले. आज आठवलं की माझ्याच कानशिलात द्यावीशी वाटते.

लेक म्हणाली, "हॉलमध्ये कॅमेरा लाव ना, आई." मी तयारच होते. नवरा पहिल्यांदा आवाज चढवून बोलला, "बाबा दिवसभर त्या खोलीत बसतात. स्वतःच्या घरात म्हाताऱ्या माणसावर कॅमेरा लावणार तू?" कॅमेऱ्याचा विषय मी सोडला, पण मनात म्हटलं, बाबांवर कोण लावतंय?

कारण माझं बोट तोवर एका माणसावर येऊन थांबलं होतं. कामाच्या दिवशी घरात असते आणि रविवारी नसते, अशी एकच व्यक्ती. आमच्या मावशी. मानखुर्दहून येतात, सात वर्षं आमच्याकडे झाडू-पोछा आणि भांडी करतात. साडेनऊला येतात, म्हणजे वाटी पिंजऱ्यात असतानाच. सात वर्षांत त्यांच्या हातून घरातली सुईसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. पण आमच्या कामात एक नियम आहे, काल चांगलं निघालं म्हणून आज तपासायचं सोडायचं नाही. डाळिंब महाग, पपई महाग, घरी नातवंडं. मी सगळं जुळवून टाकलं. म्हणजे कसं जुळवलं बघा, मावशींच्या घरी डाळिंब येतं का नाही, हे मला सात वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मात्र येत नसणार, हे मी एका मिनिटात ठरवलं.

एक दिवस उशिरा निघाले आणि त्यांना म्हटलं, "मावशी, पोपटाची वाटी कोण धुतं हो?"

"मी धुते, ताई. का?"

"काही नाही. फारच स्वच्छ असते."

त्यांचा झाडू थांबला. "स्वच्छ धुवायची नाही का?"

"धुवायची ना. मी म्हटलं, पोपट इतकं पुसून कसा खातो."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग बाल्कनीजवळ बसलेल्या बाबांकडे बघितलं. मला वाटलं, नजर चुकवतायत. "मला काय माहीत, ताई," एवढंच म्हणाल्या आणि झाडू उचलला. त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडचा चहा घेणं बंद केलं. मी झाकून ठेवून गेलेला चहा संध्याकाळी ओट्यावर तसाच असायचा. चोराच्या मनात चांदणं, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला कोणी चोर सापडला नाही तर तू तयार करशील." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पण पुरावा हवा होता, आणि सोमवार जवळ आला होता. पोपट अठ्ठ्याण्णव ग्रॅमवर आला होता. मला खरंच भीती वाटत होती. त्याला भुलीच्या टेबलावर झोपवायचं आणि तो उठलाच नाही तर मी लेकीला काय सांगणार, या विचाराने मी पट्ट्यावर दोनदा चुकले, तेही बावीस वर्षांत पहिल्यांदा.

युक्ती सुचली ती डॉक्टरांच्याच बोलण्यावरून. मिरची द्यायला हरकत नाही, म्हणाले होते. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, पोपट मिरची गोड मानून खातो. मी करून बघितलंही होतं, आख्खी मिरची बियांसकट फस्त. म्हणजे वाटीत तिखटजाळ मिरची घातली तर पोपटाला काही होणार नाही, आणि दुसरं कोणी खाल्लं तर लपवता येणार नाही. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. कारखान्यात असली युक्ती काढली असती तर बढती मिळाली असती.

शनिवारी मी सुट्टी टाकली आणि घरात कोणाला सांगितलं नाही. चार लवंगी मिरच्या अगदी बारीक चिरल्या, वाफवलेल्या भोपळ्यात कालवल्या, वर नेहमीसारखे डाळिंबाचे दाणे. बाबा खुर्चीत चहा पीत होते. त्या दिवशी ते लाडाबिडांबद्दल काही बोलले नाहीत, नुसते माझ्या हाताकडे बघत होते. वाटी पिंजऱ्यात ठेवली, साडेआठला नेहमीसारखी पर्स घेतली आणि निघाले. मंडईत रेंगाळले, देवळाच्या कट्ट्यावर बसले, पावणेदहाला परत आले. जिना चढताना मी मावशींना काय बोलायचं ते जुळवत होते. ओरडायचं नाही. शांतपणे पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि म्हणायचं, "तिखट लागलं का, मावशी?"

किल्लीने दार उघडलं. मावशी दारातच दिसल्या, हातात दुधाचा पेला, पदर खोचलेला, डोळे कोरडे ठणठणीत. आणि त्यांच्या पलीकडे बाल्कनीजवळच्या खुर्चीत बाबा, तोंडावर पंचा दाबून. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून धारा, खांदे हलतायत. पायाशी पाण्याचा जग रिकामा. मी पर्स टाकून धावले. मला वाटलं, छातीत दुखतंय.

मावशींनी मला वाटेतच अडवलं. सात वर्षांत मला कधी उलट न बोललेली बाई हळू आवाजात म्हणाली, "ताई, आज वाटीत काय घातलंत?"

बाबांनी पंचा काढला. कवळी काढलेली होती, गाल आत गेलेले. असं मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं, आमच्यासमोर ते कवळी लावूनच असायचे. ओठाला भोपळ्याचा एक कण चिकटला होता, बनियनवर डाळिंबाचा डाग. "काय नाय गो," ते म्हणाले. "उचकी लागली. तू इतक्या बेगीन कशी इलंस?"

मी रिकामा जग उचलला आणि पाणी भरायला आत गेले.

स्वयंपाकघरात मावशींनी सांगितलं. त्या काही लपवून बोलल्या नाहीत, आणि माझी गय करायचं त्यांना काही कारणही नव्हतं. पहिल्या आठवड्यात पोपट खात नव्हता तेव्हा साडेदहाला वाटी भरलेलीच निघायची. एवढं चांगलं अन्न कचऱ्यात टाकायचं बाबांच्या जिवावर आलं. अन्न टाकू नये, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणून त्यांनी उरलेलं खाल्लं. आणि मऊ होतं, बारीक होतं, हिरड्यांनी चावता आलं. कवळी गेले कित्येक महिने त्यांना बसत नव्हती. घासून घासून तोंड सोललं होतं. डब्यातला वरण-भात ते गिळायचे, पोळ्या कुस्करून कावळ्यांना घालायचे, म्हणजे डबा रिकामा दिसेल आणि मी विचारणार नाही. फळाच्या फोडींना तर ते हातही लावू शकत नव्हते. पुढे उरलंसुरलं पुरेना, तेव्हा साडेदहाची वाट न बघता ते नऊलाच वाटी काढायला लागले.

"मग मला सांगायचं नाही का?" मी म्हटलं. माझा आवाज अजूनही दुसऱ्या कोणावर तरी दोष टाकायला बघत होता.

"काय सांगू? तुमचा सासरा पाखराच्या वाटीतलं खातो, हे कुठल्या तोंडाने सांगू? त्यांनी मला शपथ घातलेली." त्या दुधाचा पेला पुसत राहिल्या. "आणि तुमची नजर माझ्यावर होती ना, ते मला कळलं नाही असं वाटलं तुम्हाला? मी म्हटलं, असू दे. मला चोर म्हटलंत तर मी चार घरं अजून धरीन. त्यांना म्हटलंत तर ते कुठे जातील?"

मी म्हटलं, "मावशी, चुकले मी. माफ करा." त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मी चहा टाकला. त्यांनी तो घेतला, पण उभ्यानेच.

नवरा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. मिरचीचंही. तो चप्पल न काढताच खुर्चीत बसला. मग म्हणाला, बाबा तरुणपणी परळला गाववाल्यांच्या खोलीत वीस-पंचवीस जणांत राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. तिथली बाई ताटात वाढेल ते खायचं आणि उठायचं. जो मागून घेतो तो माणूस हलका, असं ते मानायचे. लग्नानंतरही त्यांनी आईकडे कधी आमटीचा दुसरा डाव मागितला नव्हता. "ते तुझ्याकडे काय मागणार होते?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता. तोही त्याच घरात राहत होता, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. वयाने जबडा आक्रसला होता, जुनी कवळी आत हलत होती, दोन्ही बाजूंना जखमा होत्या. त्या जखमांवर मी चार लवंगी मिरच्या घातल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा बघून विचारलं, "आधी किती होतं वजन?" पोपटाचं प्रत्येक रविवारचं वजन मला तोंडपाठ होतं. या माणसाच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती कधीपासून अशी लोंबायला लागली, ते सांगता येईना. मला तिथे रडू आलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, सासऱ्यांच्या काळजीने. मी तसं समजू दिलं.

सोमवारी पोपटाला घेऊन गेलो नाही. डॉक्टरांना सांगितलं, वाटी तो साफ करत नव्हता. कोण करत होतं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. महिन्याभरात तो एकशे बारावर आला आणि पुन्हा सगळ्या इमारतीला उठवायला लागला. लेकीला अजून एवढंच माहीत आहे की आईने त्याला वाचवलं.

पण बाबा पिंजऱ्याकडे जाईनासे झाले. खुर्ची फिरवून पाठ करून बसायचे. पोपट हाक मारायचा, ते मान वळवायचे नाहीत. नवी कवळी तयार व्हायला वेळ होता, म्हणून मी त्यांच्यासाठीही भोपळा, गाजर, पपई तेवढीच बारीक करायला लागले, वेगळ्या वाटीत, किंचित मीठ आणि ओलं खोबरं घालून. पहिल्या दिवशी त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "त्या पाखराक घाल." दुसऱ्या दिवशीही तेच. समोर बसून आग्रह करावा तर ते उठून आत जायचे. मला कळत होतं. ती वाटी म्हणजे त्यांना खाणं वाटत नव्हतं, आरोप वाटत होता.

मग मी माझ्या बदनाम स्वभावाचाच आसरा घेतला. त्याची घरात एवढी ख्याती की कोणाला नवल वाटलं नसतं. तिसऱ्या दिवशी वाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि वैतागून म्हटलं, "बाबा, हल्ली फळभाज्यांना काय काय मारतात देवजाणे. माझा काडीचा भरवसा नाही. पाखराला काही झालं तर तुमची नात मला उभी चिरेल. तुम्ही आधी खाऊन बघा. आणि एका घासात कळत नाही, सगळं संपवा. मग पिंजऱ्यात ठेवीन."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझी थाप कळली असणारच, गिरणीत आयुष्य काढलेला माणूस तो. पण थाप अशी होती की ती मान्य केली तर त्यांचा मान राहत होता. त्यांनी चमचा उचलला, भोपळ्यात घातला, तोंडापर्यंत नेला. आणि थांबवला.

"आज मिरची नाय मा घातलंस?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसायलाही लागले होते. मग त्यांचा चेहरा बघितला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता. ते खरंच विचारत होते. त्या शनिवारी सकाळी त्यांनी मला मिरच्या चिरताना बघितलं होतं. पाखरासाठी आहे म्हणजे बिनतिखटच असेल, असं धरून त्यांनी ते खाल्लं होतं, कारण सून आपल्यासाठी असं काही करील हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आता येत होतं.

"नाही, बाबा," मी म्हटलं. ते पुरलं नाही. चमचा तसाच हातात. मी दुसरा चमचा घेतला, त्यांच्याच वाटीतला भोपळ्याचा घास त्यांच्यासमोर तोंडात टाकला आणि चावून गिळला. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे थोडा वेळ बघितलं, पाणी येतंय का म्हणून. मग वाटी जवळ ओढली आणि खायला लागले.

आता त्यांची नवी कवळी आली आहे, पोळीही चावते. तरी सकाळची ती वाटी चालू आहे. पहिला घास अजूनही मला त्यांच्यासमोर खावा लागतो.